पप्पांना फोन नका करू

लेकीच्या बोनाफाईडसाठी मी शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले होते. पावसाळा नुकताच लागला होता. पॅसेजमध्ये ओल्या दप्तरांचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीचा एकत्र वास भरून राहिला होता. क्लार्कताई जेवायला गेल्या होत्या आणि "येतीलच दहा मिनिटांत" असं शिपाईमामांनी सांगूनही बराच वेळ झाला होता. शेजारी पर्यवेक्षकांची केबिन, दार अर्धवट उघडं. आत सर बसलेले आणि टेबलापुढे सातवी-आठवीतला एक मुलगा उभा. आवाज नुकता फुटायला लागलेला, त्यामुळे एकाच वाक्यात दोन माणसं बोलल्यासारखी वाटत होती. त्यानं नेमकं काय केलं होतं ते मला नीट कळलं नाही. बाथरूमची कडी, आत कोंडलं गेलेलं पाचवीतलं एक पोरगं, बाहेर उभं राहून हसणारे चौघं, असं काहीतरी. सर ओरडत नव्हते. दिवसभरात हेच वाक्य कितव्यांदा तरी म्हणावं लागतंय अशा आवाजात बोलत होते आणि बोलता बोलता रजिस्टर उघडून नंबर शोधत होते. तेव्हा तो मुलगा म्हणाला, "सर, दोन मारा. चार मारा. पण पप्पांना फोन नका करू."

सर म्हणाले, "मारायला परवानगी नाही रे बाळा. फोन करायचा नियम आहे."

पुढचं मला ऐकू आलं नाही. क्लार्कताई आल्या, बोनाफाईडवर शिक्का बसला, आणि मी पावसात स्कूटर काढली. पण त्या मुलाचं बोलणं डोक्यातून जाईना. त्यात रडणं नव्हतं. गयावया म्हणावी तर तीही फारशी नव्हती. तो सरळ सौदा करत होता, आणि सौदा करणाऱ्या माणसाला लागते ती सगळी माहिती त्याच्याकडे होती. सर मारतील ते किती, कुठे, किती वेळ. पप्पा मारतील ते किती, कशानं, आणि मध्ये पडणारं कुणी असेल की नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराला दोन्हीकडचे भाव पाठ होते. शाळेनं मात्र स्वस्तातला माल विकणं बंद केलं होतं.

माझी पाचवी ते सातवी सिन्नर तालुक्यातल्या एका गावात झाली, ऐंशीच्या दशकात. जिल्हा परिषदेची कौलारू शाळा, दोन खोल्या सारवलेल्या, एक फरशीची. फरशीची खोली सातवीला, कारण त्यांना स्कॉलरशिपला बसायचं असायचं. छडी खिडकीच्या गजात अडकवलेली असे. निरगुडीची फोक, आणि ती ओढ्यावरून आणायची जबाबदारी आमचीच. कोवळी आणली तर ती लवते आणि जास्त झोंबते, जाडी आणली तर लवकर मोडते, हे वनस्पतिशास्त्र आम्हाला पाचवीतच आलं होतं. मुलींना हातावर आणि मुलांना कुठेही, असा एक अलिखित नियम होता. हाताला खोबरेल लावलं की छडी सटकते अशी समजूत होती. ती खोटी होती हे मी खात्रीनं सांगू शकते. त्याखेरीज अंगठे धरणं होतं, बाकावर उभं राहणं होतं (फरशीच्या खोलीतच, कारण बाक तिथेच), आणि मुलांसाठी कोंबडा. कोंबडा झालेल्या मुलाचं तोंड लालबुंद व्हायचं, नाकातलं पाणी उलटं कपाळाकडे जायचं आणि वर्गाला हसू यायचं. आम्ही हसायचो. गुरुजींनाही हसू यायचं. त्या हसण्यात गुरुजी आणि आम्ही एका बाजूला असायचो, आणि खरं सांगायचं तर वर्गात तेवढ्यापुरतं फार बरं वाटायचं.

गुरुजी ऑफिसात गेले की मॉनिटरचं राज्य. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर यांचे आकडे असायचे, त्याखाली रेघ मारून 'बडबड करणारी मुले'. एकदा नाव लागलं की पुढे गुणिले दोन, गुणिले तीन. मॉनिटरशी भांडण असेल तर गप्प बसलेल्याच्या नावापुढेही गुणिले पाच व्हायचं. गुरुजी येऊन फळा बघायचे आणि त्या यादीबरहुकूम छड्या. "गुरुजी, मी नव्हतो बोलत," असं कुणी म्हटलं की, "म्हणजे मॉनिटर खोटं बोलतोय?" हा प्रश्न यायचा. त्याला कुठलंही उत्तर दिलं तरी एक छडी वाढायची. त्यामुळे आपल्या बाजूनं काही बोलायचंच नाही हे आम्ही शिकलो. मला त्या छड्या कशासाठी मिळाल्या ते आज आठवत नाही, पण न बोलता नाव लागलं होतं ती वेळ मात्र अजून लख्ख आठवते. खडूचा तो आवाजसुद्धा.

मात्र ते सगळं शाळेत सुरू व्हायचं आणि शाळेतच संपायचं. घरी सांगायची प्राज्ञाच नव्हती. "गुरुजींनी उगाच मारलं का?" असं म्हणत घरी उरलेलं मिळालं असतं, म्हणून वळ लपवायचे. आई-वडील शाळेत यायचे ते पंधरा ऑगस्टला, तेही पोरगं कवायतीत असेल तर. पाच वाजता घंटा झाली की दिवसभराचा हिशोब मिटला. उद्या नवा फळा. मी त्या छडीची बाजू घेत नाहीये. घंटेनंतर तिचा अंमल चालत नसे, एवढंच म्हणतेय.

आमच्या गावच्या शाळेचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शिक्षक दिन आला की त्यावर छडीच्या आठवणींना पूर येतो. 'आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो, आजकालच्या पोरांना शिक्षकांचा धाक राहिला नाही,' आणि खाली हात जोडलेले इमोजी. एकजण पोलिसात आहे, एकाचं खतांचं दुकान आहे, दोघीजणी शिक्षिका आहेत. सगळे घडलेलेच आहेत, तेव्हा खोटं कोण बोलतंय असं वाटेलच. पण वस्तीवरून चालत येणारा एक मुलगा होता. खांद्याला खताच्या गोणीची पिशवी, तेच दप्तर. त्याला अपूर्णांक यायचे नाहीत आणि रोज उशीर व्हायचा, कारण सकाळी म्हशींचं त्याच्याकडे असायचं. उशिराचे वेगळे आणि अपूर्णांकाचे वेगळे असा त्याला रोज दुहेरी प्रसाद. सहावीच्या दिवाळीनंतर तो आला नाही. त्याला कुणी काढलं नाही, त्यानंही कुणाला काही सांगितलं नाही, नुसता यायचा थांबला. तो त्या ग्रुपवर नाही. त्याचा नंबर कुणाकडे नाही आणि कुणी मागितलेलाही मला आठवत नाही. मार खाऊन घडलेल्यांची मोजदाद सोपी असते, कारण ते मेळाव्याला येतात.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. गोव्यानं हे त्याआधीच, २००३ च्या बाल कायद्यात करून ठेवलं होतं. पुढे २०१२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं मार्गदर्शक सूचना काढल्या. शारीरिक शिक्षा म्हणजे काय काय, याची त्यात फोड आहे. बाकावर उभं करणं, भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसवणं, दप्तर डोक्यावर घेऊन उभं करणं, पायांमधून हात घालून कान धरायला लावणं, गुडघ्यांवर उभं करणं. ती वाचताना मला वाटलं, लिहिणारा नक्की आमच्याच शाळेत शिकलेला असणार. त्याच आयोगानं सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना शाळेतल्या शिक्षेबद्दल विचारलं होतं. 'मला कधीच शिक्षा झाली नाही' म्हणणारी मुलं निघाली ९. शेकडा नव्हे, नगावर ९.

बंदी आली म्हणून मार थांबला असं समजायचं कारण नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात वसईतल्या एका सहावीच्या मुलीची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. शाळेत यायला उशीर झाला म्हणून दप्तरासकट शंभर उठाबशा, आणि आठवड्याभरात ती मुलगी गेली. त्या दिवशी आमच्या पालकांच्या ग्रुपवर दोन तास संताप चालला होता आणि मग गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे कधी भरायचे हा विषय निघाला. असो.

तरीही शहरातल्या बऱ्याच शाळांत हात उचलणं खरोखरच कमी झालंय. शिक्षक घाबरतात, कॅमेरे आहेत, पालकांच्या हातात फोन आहेत. माझी एक मैत्रीण अनुदानित शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. तिला मी त्या मुलाचं वाक्य सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला वाटतं आम्हाला ते कळत नाही? पण माझ्याकडे आहे काय? कायद्यात वरच्या प्राथमिकला पस्तिसाला एक शिक्षक लिहिलाय, माझ्या वर्गात साठच्या वर बसतात. पस्तीस मिनिटांचा तास. त्यातली दहा मिनिटं हजेरी आणि शांतता. मारायचं नाही, हे बरोबरच आहे, मला मारायचंही नसतं. वर्गाबाहेर काढायचं नाही, टाकून बोलायचं नाही, उभं करायचं नाही. मग राहतं काय? डायरी, नाहीतर फोन." पूर्वी आणखी एक अस्त्र होतं, तिनंच आठवण करून दिली. 'दाखला हातात देईन.' आमच्या वेळी हे ऐकलं की पोटात गोळा यायचा. आता आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही, कलम १६. नापास करण्याबाबतचा भाग २०१९ च्या दुरुस्तीनं बदलला, पाचवी आणि आठवीच्या परीक्षा परत आल्या, पण काढून टाकायला मनाई आहे ती आहेच. "तरी अजून दाखल्याची धमकी देतो आम्ही," ती हसत म्हणाली, "पण सातवीतल्या पोरांना आता कलमं माहीत असतात. एकानं मला सांगितलं, मॅडम, तुम्ही देऊ शकत नाही."

म्हणजे उरला फोन. आणि आता तर फोनही करावा लागत नाही. लेकीच्या शाळेचं ॲप आहे, त्यात 'रिमार्क' नावाची सोय आहे. गृहपाठ अपूर्ण, केस वाढलेले, वर्गात बोलणे, शिक्षकांना उलट उत्तर, असे तयार पर्याय. बाईंनी बोट ठेवलं की सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यात मशीनवर उभ्या असलेल्या बापाच्या खिशात फोन थरथरतो. सकाळचे अकरा वाजलेले असतात. पोराला मधल्या सुट्टीतच कळतं की मेसेज गेलाय. मग उरलेले तास. इतिहास, हिंदी, पीटी. साडेपाचला घर. आई विचारते, "काय केलंस रे आज?" म्हणजे तिलाही कळलंय, पण ती जास्त काही बोलत नाही, ते संध्याकाळवर सोडलेलं असतं. फर्स्ट शिफ्ट असेल तर बाप आधीच घरी, जनरल असेल तर सातपर्यंत, ओव्हरटाइम असेल तर नऊ. खाली सोसायटीच्या गेटवर बाइकचा आवाज. जिन्यावर बूट. अकरा ते नऊ एवढा वेळ शिक्षा नुसती वाट बघत बसलेली असते, आणि तिचं माप कुणीच ठरवून दिलेलं नसतं. बाईंनी तर फक्त 'गृहपाठ अपूर्ण' एवढंच दाबलेलं असतं. घरी पोचेपर्यंत त्या दोन शब्दांत बापाचा सुपरवायझर मिसळतो, क्लासची थकलेली फी मिसळते, भावाच्या मुलाचे मार्क मिसळतात.

आमच्या गुरुजींच्या छड्यांना निदान आकडा असायचा.

महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये बालकांच्या छळाविषयी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली होती, तेरा राज्यांतली, महाराष्ट्र धरून. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी शाळेत शिक्षा होते असं सांगितलं. हा आकडा लेखांतून, भाषणांतून पुष्कळ फिरला, आणि दोन वर्षांनी आलेल्या कायद्याच्या चर्चेतही आला. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, जो तितका फिरला नाही. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. शाळेसाठी कलम १७ झालं. घरात मुलाला मारण्याला थेट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे आजही नाही. स्वीडननं तो १९७९ मध्ये केला होता. इथे तसा करायचा म्हटलं तर काय होईल, याची मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगवरून कल्पना करू शकते. तेव्हा व्यवस्था अशी झाली आहे की जिथे मारायला बंदी आहे ती जागा, जिथे बंदी नाही त्या जागेला निरोप पाठवते. नियम कुणीच मोडत नाही. शाळेच्या भिंतीवर मात्र 'छडीमुक्त शाळा' असं निळ्या रंगात लिहिलेलं असतं.

आणि हे सगळं नेमकं कुठल्या वयात, तर अकरा ते चौदा. आवाज फुटतो, मिसरूड दिसायला लागतं, मुलींना पाळी सुरू होते, आरशापुढचा वेळ वाढतो. त्याच वर्षांत शाळेचे अर्धे नियम शरीराबद्दल असतात. मुलांचे केस साइडनं किती बारीक, मुलींच्या वेण्या दोन आणि रिबिनी कुठल्या, बाह्या किती दुमडायच्या, मावशीच्या लग्नातली मेंदी हातावर का. सोमवारी प्रार्थनेनंतर नखं आणि केस तपासतात. माझ्या लेकीच्या वर्गातल्या एका मुलानं सुट्टीत कुठल्यातरी फुटबॉलपटूसारखा कट मारून घेतला. घरच्यांनी दोनशे रुपये देऊन मारून आणला होता. शाळेनं रिमार्क टाकला तो घरच्यांनाच. या वेळी मुलाला काही झालं नाही, बापच शाळेत येऊन भांडून गेला. म्हणजे निरोप सगळीकडे सारखाच जातो, आणि पुढे काय होईल ते मूल कुणाच्या घरात जन्मलं त्यावर ठरतं. सारखी शिक्षा द्यायचा शाळेचा जो काही हेतू असेल, तो शाळेच्या गेटपर्यंतच टिकतो.

१ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, आमच्याकडे वक्तृत्व स्पर्धा असते. पगडी, उपरणं, चिकटवलेल्या मिशा, आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट. दरवर्षी किमान सहा मुलं तीच सांगतात. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही!" शेवटच्या शब्दाला मूठ आवळायची असं कुणीतरी शिकवलेलं असतं. पालक टाळ्या वाजवतात. ही गोष्ट घडली तशीच घडली की सांगता सांगता घडत गेली ते बाजूला ठेवू. आपण ती शंभर वर्षं पोरांच्या तोंडून वदवून घेतोय, म्हणजे आपल्याला ती हवी आहे. ती गोष्ट आहे सरसकट सगळ्या वर्गाला केलेल्या शिक्षेची, आणि ती शिक्षा नाकारणाऱ्या पोराची. गेल्या वर्षी स्पर्धा संपली आणि मागच्या रांगेत गोंधळ केला म्हणून सातवी ब पूर्ण तुकडीला बक्षीस समारंभ होईपर्यंत हात वर करून बसवलं होतं. त्यातल्या एकानंही मूठ आवळून काही म्हटलं नाही. पोरं शहाणी आहेत, भाषण कुठे संपतं ते त्यांना कळतं.

पण मला त्या गोष्टीचा पुढचा भाग जास्त ओढून घेतो, जो स्पर्धेत वेळ संपल्यामुळे राहून जातो. मास्तरांनी बाळची तक्रार वडिलांकडे केली. म्हणजे फोनच केला म्हणा. आणि गोष्टीत असं सांगतात की वडील म्हणाले, मी त्याला शेंगांसाठी पैसे दिलेले नाहीत, त्याला बाहेरचं खायची सवय नाही, तो म्हणतो ते खरं असणार. गंगाधरपंत स्वतः शिक्षक होते. शाळेकडून तक्रार आलीय, म्हणजे आपल्या पोरानं काहीतरी केलंच असणार, असं त्यांनी धरून चालायला काही हरकत नव्हती. त्यांनी आधी पोराची बाजू लावून बघितली. त्या गोष्टीतलं धाडस मला पोरापेक्षा बापात दिसतं. पोरगं ठाम उभं राहू शकलं, कारण घरी गेल्यावर काय होणार याची त्याला भीती नव्हती.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना वसतिगृह सांभाळत. मुलांनी पसरून ठेवलेल्या खोल्या ते स्वतः झाडून ठेवत, अंथरुणं आवरत, मुलं शाळेतून येऊन बघत आणि ओशाळत. ही आठवण शिक्षकांच्या प्रशिक्षणात फार सांगतात. मैत्रिणीचं त्यावर मत असं की, "साठ पोरांचं अंथरूण कोण आवरेल? आणि मला संध्याकाळी यू-डायस भरायचंय, सरकारला द्यायची शाळेची ऑनलाइन माहिती." मी गप्प बसले, कारण तिचं बरोबर होतं. संतपणावर चालणारी शिस्त दुसऱ्याला देऊन जाता येत नाही.

तर या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षक संघाच्या चारपाच जणांना बोलावलं. पाचवी ते आठवीसाठी लेखी नियमावली करायची, वरून विचारणा झाली तर दाखवायला काहीतरी हवं. चहा, पारले, आणि तयार केलेला एक तक्ता. डावीकडे गैरवर्तनं, वर तीन रकाने, पहिली वेळ, दुसरी वेळ, तिसरी वेळ. पहिल्या वेळेला बहुतेक ठिकाणी 'समज देणे'. दुसऱ्या वेळेला 'डायरीत नोंद व माफीनामा'. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच ओळ होती, 'पालकांना बोलावणे'. मोबाइल आणला, पालकांना बोलावणे. मारामारी, पालकांना बोलावणे. कॉपी, पालकांना बोलावणे. टाइप करणाऱ्यानं पहिल्यांदाच लिहिलं होतं, पुढे नुसती दोन टिंबं.

एक गृहस्थ म्हणाले, "मी तर सरांना सांगितलंय, खुशाल ठोका, आमच्याकडून तक्रार येणार नाही." सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांच्याविषयी माझं मत तेव्हा बरंच बदललं. मी म्हटलं, तिसऱ्या रकान्याच्या आधी मुलाला एक प्रश्न विचारायचा असं लिहू या का, 'घरी कळवलं तर काय होईल?' आणि उत्तर 'मारतील' असं आलं, तर फोन न करता पालकांना समोर बसवून, मुलाच्या देखत बोलायचं. एक ताई म्हणाल्या, "मग सगळीच पोरं मारतील म्हणून सांगतील." हा मुद्दा खरा होता. त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी सरांनीच विचारलं, "सगळीच सांगतील, म्हणजे आपल्याला काय कळेल?" यावर कुणी बोललं नाही, चहा पुन्हा सांगण्यात आला.

मग मी माफीनाम्याचा नमुना मागितला. क्लार्कताईंनी फाइलच आणली. 'मी खाली सही करणार, इयत्ता सातवी तुकडी ब मधील विद्यार्थी, लिहून देतो की माझ्याकडून सदर गैरवर्तन घडले असून यापुढे असे घडणार नाही.' खाली सही, पालकांची सही, दिनांक. तलाठी कार्यालयातल्या प्रतिज्ञापत्राची भाषा, फक्त तिकीट तेवढं लावायचं राहिलेलं. फाइलमध्ये गेल्या काही वर्षांचे माफीनामे होते, वेगवेगळ्या अक्षरांतले, मजकूर एकच. कुठल्याच कागदावर त्या दिवशी नक्की काय झालं होतं ते नव्हतं. कुणी कुणाला काय म्हणालं, आधी कुणी ढकललं, कडी आधीच मोडकी होती का. कबुलीसाठी कागद होता आणि हकिकतीसाठी नव्हता. त्या फाइलवरून पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकाला एवढंच कळणार होतं की या मुलाची पाच पानं आहेत.

शेवटी हकिकतीचा कागद करायचं ठरलं. फोनबाबतचा मुद्दा 'विचाराधीन' म्हणून इतिवृत्तात गेला आहे, म्हणजे तो कुठे गेला आहे ते आपल्याला ठाऊक आहेच. पण माफीनाम्याच्या आधी एक फॉर्म असेल, त्यात 'विद्यार्थ्याचे म्हणणे' असं एक शीर्षक असेल आणि ते भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडायचा नाही, इथपर्यंत सगळे आले. पहिल्या मसुद्यात त्याखाली दोन ओळी सोडल्या होत्या. मैत्रिणीला तो फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, सातवीच्या पोराचं अक्षर दोन ओळींत मावत नाही, तारीख आणि 'आदरणीय सर' लिहिण्यातच एक जाईल. मी सहा ओळी सुचवल्या, सरांनी दहा केल्या. आता फॉर्म पाठपोट होतो. त्यावर खजिनदारांची हरकत आली आहे, कारण झेरॉक्सचा खर्च दुप्पट होतोय आणि अंदाजपत्रकात शिस्तीसाठी वेगळी तरतूद नाही. विषय पुढच्या सभेत आहे.